बंद पण पडते, पळत पण सुटते: एका ११० सीसी एटीव्हीच्या स्लोचं प्रकरण

गाडी ११० सीसीची एटीव्ही, त्या चार जाड टायरवाल्या बुटक्या गाड्या असतात ना, त्यातली. पानशेत रोडला एका कृषी पर्यटन केंद्रावर मुलांना फिरवायला ठेवलेली. तक्रारी दोन, आणि दोन्ही एकमेकींच्या अगदी उलट. सकाळी थंड असताना सेल्फ मारला की चालू होते, पण ॲक्सिलेटरवरचा अंगठा सोडला की फुस्स, धरून ठेवली तरच जगते. आणि अर्धा पाऊण तास फिरून गरम झाली की अंगठा सोडला तरी रेस खाली येत नाही, इंजिन ओरडत राहतं, ब्रेक सोडला की गाडी आपली आपण पुढे निघते. मालक आबा म्हणाले, "मिस्तरी, सकाळी हिला ढकलून चालवावी लागते आन् दुपारी धरून ठेवावी लागते." यापेक्षा नीट वर्णन मला पण जमलं नसतं.

हे गंमतीचं वाटतं पण नाहीये. या गाड्यांना हाताचा क्लच नसतो, इंजिनच्या आतच सेंट्रिफ्युगल क्लच असतो, म्हणजे रेस एका मर्यादेच्या वर गेली की क्लचचे शू फेकले जाऊन ड्रमला चिकटतात आणि गाडी ओढायला लागते. स्लो, म्हणजे अंगठा सोडल्यावर इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते, साधारण १४०० ते १६०० आरपीएमला असेल तर क्लच सुटा राहतो. तोच आरपीएम दोन हजाराच्या वर घुटमळला की क्लच अर्धवट पकडतो. वर बसलाय आठ वर्षांचा पोरगा, त्याने अंगठा सोडलाय, आणि गाडी तरी सरकतेय. आबांनी मुलांना गाडी देणं बंद केलं होतं ते शहाणपणाचंच केलं. आणखी एक खूण त्यांनी न विचारता सांगितली, रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येतो. बरोबर आहे, क्लच सुटतच नसेल तर गिअर फिरत्या दातांवर जाऊन आपटणार. गिअरबॉक्स गेला असं त्यांना कोणीतरी सांगून ठेवलं होतं, गिअरबॉक्सला काहीही झालेलं नव्हतं.

आता आधीचा इतिहास, कारण अशा कामात अर्धं उत्तर इतिहासातच असतं. पावसाळ्यात गाडी शेडमध्ये उभी होती, टाकीत पेट्रोल तसंच. दिवाळीच्या सुट्टीआधी काढली तर थंडीत बंद पडायला लागली. एका ठिकाणी दाखवली, तिथे स्लो स्क्रू (आत घेतला की स्लो वाढतो) आत घेऊन दिला, सकाळचा त्रास कमी झाला पण दुपारचा सुरू झाला. परत नेली, त्यांनी हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा कार्ब्युरेटरच खराब म्हणून नवीन बसवला. चार दिवस बरी वाटली, मग परत तेच. मग कोणीतरी सांगितलं की ही घाटाकडची हवा आहे, तिकडे कार्ब्युरेटरला सेटिंग वेगळं लागतं. हे ऐकून मात्र मला हसू आलं. पुणे आहे साधारण ५६० मीटरवर, पानशेत त्याच्यापेक्षा फार वर नाही. सिंहगडावर तेराशे मीटरला गाडी नेली तर हवा विरळ होते, मिश्रणात पेट्रोल जास्त पडतं आणि स्लोवर थोडाफार फरक जाणवतो हे खरं, पण तो फरक पेट्रोल जास्त झाल्याचा असतो, गाडी जड चालते, धूर मारते. इथे सगळी लक्षणं पेट्रोल कमी पडल्याची होती. म्हणजे उंचीचं कारण धरलं तरी ते उलट्या बाजूचं निघतं.

पेट्रोल कमी पडतंय हे मी गाडी न उघडता कशावरून म्हणतो? पळताना गाडी झकास होती. चढावर ओढत होती, पूर्ण अंगठा दाबला की मिसिंग नाही, काही नाही. भानगड फक्त अंगठा सोडल्यावर. आणि रेस मारून सोडली तर आरपीएम पटकन खाली न येता मध्येच कुठेतरी लटकून मग रेंगाळत उतरायचा. ही लटकण्याची सवय हवा जास्त, पेट्रोल कमी असल्याची. उलट पेट्रोल जास्त असेल तर आरपीएम खाली गटांगळी खातो, बंद पडेल असं वाटतं आणि मग सावरून वर येतो. हा फरक कानाने कळतो, त्याला मशीन लागत नाही, पण ऐकायला थांबावं लागतं, आणि पुण्याच्या ट्रॅफिकला लागून असलेल्या गॅरेजमध्ये ते सकाळी लवकरच जमतं.

गाडी छोट्या हत्तीतून आली, रात्रभर ठेवून घेतली. कारण दोन, एक म्हणजे थंड इंजिनचा त्रास थंड इंजिनवरच बघायचा असतो आणि दुसरं, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट, पण थंड असतानाच बघतात. सकाळी पहिल्यांदा मागची चाकं घोडीवर उचलून घेतली. हे मी मुद्दाम लिहितोय, ऑटो क्लचच्या गाडीच्या स्लोचं काम चाकं जमिनीवर ठेवून कधीही करू नका, स्क्रू फिरवताना गाडी अंगावर येते. इंजिन झटक्यात बंद करायचा मागचा दोरीवाला किल स्विच आणि हँडलवरचा किल स्विच, दोन्ही चालतात का ते पण आधी बघून घेतलं. त्यातला दोरीचा चालत नव्हता, वायर सरळ जोडून टाकलेली. ती आधी नीट केली, मग बाकीचं.

स्क्रूला हात लावायच्या आधी केबल. या गाड्यांना ॲक्सिलेटर अंगठ्याने दाबायचा असतो आणि त्या लिव्हरच्या डब्यावर एक स्क्रू असतो, तो लिव्हर किती दाबली जाईल याची मर्यादा ठरवतो, म्हणजे लहान मुलाला पूर्ण स्पीड मिळू नये म्हणून. बरेच लोक त्यालाच स्लोचा स्क्रू समजून फिरवत बसतात. त्याचा स्लोशी संबंध नाही. केबलला दोन तीन एमएम ढिलाई पाहिजे, आणि इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तर आवाज बदलता कामा नये. इथे डावीकडे पूर्ण वळवलं की आवाज किंचित चढत होता. केबल प्लास्टिकच्या बॉडीखाली दाबून गेली होती. ती मोकळी करून परत टाकली, चढ-उतार गेला, पण मूळ तक्रार होती तशीच. ठीक आहे, एक गोष्ट बाजूला झाली.

मग प्लगच्या वायरीला आरपीएम मीटर गुंडाळला, स्वस्तातला येतो, वायर नुसती चार वेटोळे घालून ठेवायची. थंडीत अंगठा सोडला की ९०० च्या खाली जाऊन बंद. चोक, म्हणजे थंडीत पेट्रोल वाढवायचा खटका, ओढला तर मात्र सुखाने चालली. आबांना विचारलं चोक वापरता का, तर म्हणाले, "तो कसला? तो खटका तर आम्ही कधी हलवला न्हाई." बरं, थंड इंजिनला चोक लागतोच, पण थंडी ओसरल्यावर पण तिला चोकशिवाय करमत नव्हतं, म्हणजे नुसतं चोक वापरा सांगून भागणार नव्हतं. गरम केल्यावर आरपीएम २६०० ला जाऊन बसला.

आता स्लो स्क्रू आणि एअर स्क्रू. स्लो स्क्रू भरपूर आत गेलेला होता. एअर स्क्रू हलका आत बाहेर करून बघितला, अर्धा फेरा, एक फेरा, काहीच फरक नाही. हे लक्षण फार बोलकं आहे आणि याच्याकडे कोणी बघत नाही. कार्ब्युरेटरमध्ये स्लाइड, म्हणजे अंगठा दाबला की वर उचलून हवेचा रस्ता उघडणारा सरकता दट्ट्या, जवळजवळ बंद असताना इंजिनला पेट्रोल मिळतं ते पायलट जेटच्या बारीक रस्त्याने, आणि एअर स्क्रू त्याच रस्त्यावरचा नळ आहे. तो फिरवून फरक पडत नाही याचे अर्थ दोन, एकतर पायलटचा रस्ता बुजलाय, नाहीतर स्लो स्क्रूने स्लाइड इतकी उचलून धरलीय की इंजिन त्या रस्त्यावर अवलंबूनच राहिलेलं नाही. इथे दोन्ही थोडं थोडं होतं, पण हे दोन्ही परिणाम होते, कारण अजून सापडायचं होतं.

टॅपेट बघितले. मॅग्नेटच्या बाजूची छोटी झाकणं काढून टी खूण जुळवली, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, आणून फट मोजायचं पान, फिलर गेज, घातलं. या आडव्या इंजिनाला दोन्हीकडे ०.०५ एमएम ठेवतात. इनटेकला पान बरोबर गेलं, एक्झॉस्टला जाईचना. टाईट टॅपेटने व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि ते गळणं स्लोलाच जास्त जाणवतं कारण हळू फिरताना गळायला वेळ मिळतो, पळताना तेवढा मिळत नाही. वापरता वापरता टॅपेट ढिले होऊन खडखडतात तेव्हा सगळे लक्ष देतात, पण व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातो तसा टॅपेट गुपचूप टाईट होतो, इंजिन उलट शांत वाटतं, आणि लोक खूष असतात. सेट केलं. थंडीतलं चालणं थोडं सुधारलं. गरम झाल्यावरचं लटकणं तसंच. म्हणजे हे पण पूर्ण उत्तर नाही.

आता मुख्य शंकेकडे आलो, हवेची गळती. एअर फिल्टरची नळी काढून गरम इंजिनवर कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात घट्ट ठेवला. नीट असलेलं इंजिन झटक्यात मरतं. हे धडपडत आणखी काही फटके खात राहिलं, म्हणजे दुसरीकडून कुठून तरी हवा ओढत होतं. याने जागा कळत नाही, शंका पक्की होते एवढंच.

जागा शोधायला बरेच जण कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे मारतात, कोणी तर सिरिंजने पेट्रोल टाकतात. शेजारी तापलेला सायलेन्सर असतो हो. मी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली वापरतो, साधं पाणी. गळतीच्या जागेवर पाण्याचा फवारा गेला की फट क्षणभर बुजते आणि आवाज बदलतो. हेडच्या बाजूच्या जोडावर मारलं, काही नाही. मॅनिफोल्डवर, म्हणजे कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधल्या नळीवर मारलं, काही नाही. मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटरच्या मधल्या जोडावर मारलं आणि २६०० चा आकडा भसकन खाली आला, इंजिन मवाळ झालं, आणि पाणी आत ओढलं गेल्यावर परत वर चढलं. परत मारलं, परत तेच. सापडलं.

आबा शेजारीच उभे होते, त्यांना म्हटलं, विहिरीवरच्या मोटरीच्या सक्शन पाइपला बारीक चीर गेली तर काय होतं? ते लगेच म्हणाले, हवा धरते, पाणी उचलत न्हाई. बस्स, तेच. आणि त्यावरून दोन उलट्या तक्रारींचा उलगडा पण होतो. अंगठा सोडलेला असताना स्लाइडच्या मागे इंजिनचं ओढणं सगळ्यात जोरात असतं, आणि त्या वेळी आत जाणारी एकूण हवा अगदी थोडी असते, त्यामुळे केसाएवढ्या फटीतून येणारी फुकटची हवा पण हिशोब बिघडवते. अंगठा दाबला की खरी हवा एवढी येते की फट कोणाच्या खिजगणतीत राहत नाही, म्हणून पळताना झकास. सकाळी इंजिन थंड, अर्धं पेट्रोल नळीच्या भिंतीलाच चिकटून राहतं, मुळात जास्त पेट्रोल हवं असतं आणि वर ही फुकटची हवा, म्हणून मरते. मरते म्हणून कोणीतरी स्लो स्क्रू आत घेतो. दुपारी इंजिन गरम, तेच पातळ मिश्रण आता पेटायला लागतं, स्लाइड उचललेली आहेच, फटीतून हवा येतेच आहे, म्हणून आरपीएम चढून बसतो. चढला म्हणून स्क्रू बाहेर काढला की दुसऱ्या सकाळी परत मरते. असे स्क्रू वर्षभर फिरवत बसलात तरी दोन्ही वेळा बरोबर येणारी जागा सापडणार नाही, कारण ती जागाच नाहीये.

उघडल्यावर काय दिसलं ते नीट सांगतो. कार्ब्युरेटरचा फ्लँज, म्हणजे जोडाचं चपटं तोंड, दोन्ही बाजूच्या कानांवरच्या दोन नटांवर बसतो, १० नंबरचा पाना लागतो. मध्ये बेकलाइटचं जाड पॅकिंग, आणि फ्लँजच्या खाचेत एक ओरिंग, म्हणजे रबरी कडं. नट सोडतानाच कळलं की कोणीतरी जीव खाऊन आवळलेत. स्टीलची पट्टी फ्लँजच्या तोंडावर उभी धरून पलीकडून मोबाईलचा टॉर्च लावला, तर दोन्ही कानांना पट्टी टेकलेली आणि मधून उजेडाची बारीक रेघ. ॲल्युमिनियमच आहे ते, शिवाय स्वस्तातलं, कान आवळत गेलात की कान पुढे वाकतात आणि मधला भाग मागे राहतो. मधल्या भागातच तर भोक आहे. मग तिथे हवा येते, आवाज ऐकून माणूस आणखी आवळतो, आणि जेवढं आवळावं तेवढी फट वाढते. जुन्या विलायती कार्ब्युरेटरवर काम केलेल्या म्हाताऱ्या मिस्तरींना ही खोड तोंडपाठ असते. ओरिंग काढली तर कडक, चपटी झालेली, नखाने दाबली तर दबत नव्हती, एका जागी चक्क भेग. कार्ब्युरेटर नवीन पण ओरिंग जुनीच. नव्या कार्ब्युरेटरबरोबर आलेली ओरिंग कुठे गेली देव जाणे.

फ्लँज फेकायची गरज नसते. जाड काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवला, वर थोडं ऑइल, आणि फ्लँज सपाट धरून इंग्रजी आठच्या आकड्यात घासत गेलो. सुरुवातीला कानांची टोकंच चमकतात, मधला भाग काळपट राहतो, मग हळूहळू चमक आत सरकते आणि सगळं तोंड एकसारखं झालं की थांबायचं. शेवटी ६०० ने दोन हात. ओरिंगची खाच खूप उथळ तर झाली नाही ना हे बघायचं, थोडं घासल्याने होत नाही. मग ब्लोअरने, पेट्रोलने स्वच्छ, एक कण पण राहायला नको. बेकलाइटचं पॅकिंग पण पट्टीवर तपासलं, ते सरळ होतं.

ओरिंग नाना पेठेतून आणली. तिथे मागताना नुसतं "ओरिंग द्या" म्हटलं की काळी साधी रबरी हातात येते. पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलवालं आहे आणि स्वस्त रबराला ते मानवत नाही, फुगतं नाहीतर कडक होतं, म्हणून मी अशा जागी व्हायटन नावाच्या, पेट्रोल सोसणाऱ्या रबराची मागतो. किंमत जास्त पण चिल्लरच.

इथेनॉलचा विषय निघालाच आहे तर, सगळं खापर त्याच्यावर फोडायची हल्ली फॅशन झालीय, तेवढं नाहीये. पण दोन गोष्टी खऱ्या आहेत. एक, साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ पट हवा लागते वजनाने, इथेनॉलला ९ पट, २० टक्के मिसळलेल्याला साधारण साडेतेरा. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच पेट्रोल गेलं तर मिश्रण पहिल्यापेक्षा थोडं पातळच होणार. कंपनीतून मुळातच पातळ सेट करून आलेल्या या छोट्या इंजिनांना स्लोवर ते जाणवतं. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतली ओल धरतं. पावसाळाभर शेडमध्ये उभ्या गाडीच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीत, काय साठतं ते मी चेंबर उघडून काचेच्या वाटीत ओतून आबांना दाखवलं, खाली पाण्याचा थर वेगळा, त्यात पांढुरका गाळ. पायलट जेट त्याच गाळाने अर्धा बुजलेला होता. त्याचं भोक अर्ध्या एमएमपेक्षा पण लहान असतं, उजेडाकडे धरून बघायचं, गोल दिसलं पाहिजे. साफ करताना पिन, सुई, स्टीलची तार घालू नका, पितळ आहे, भोक मोठं होतं आणि मग ते कधीच पूर्वीसारखं होत नाही. वायरीतला तांब्याचा एक तंतू पुरतो. जेटच्या पुढचा, बॉडीतला रस्ता पण हवेने मोकळा करावा लागतो, लोक नुसता जेट साफ करतात आणि तिथेच चुकतं.

स्लाइड परत बसवताना तिची कापलेली बाजू फिल्टरकडे. उलटी बसली तर स्लो स्क्रू तिच्या खाचेत न बसता बाजूला टेकतो आणि रेस कायमची वर राहते, हा पण एक नेहमीचा प्रकार. इथे बरोबर होती.

नट आवळताना छोटा पाना, आळीपाळीने पाव पाव फेरा, मनगटाच्या जोरावर. टॉर्क पाना असेल तर ६ एमएमच्या नटाला १० न्यूटन मीटरच्या आत. हवा अडवायचं काम ओरिंग करते, नट नाही.

आता सेटिंग. आधी हे ओळखायचं की आपल्या कार्ब्युरेटरचा बाजूचा स्क्रू हवेचा आहे का पेट्रोलचा. स्लाइडच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ. इंजिनकडच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त. अगदी उलट. यात गोंधळ झाला की माणूस दिवसभर चुकीच्या दिशेला फिरतो. इथे फिल्टरच्या बाजूला होता. हळूच पूर्ण आत, न आवळता, मग दीड फेरा बाहेर, इथून सुरुवात. इंजिन नीट गरम केलं, आबांच्या पोराला म्हटलं चहा घेऊन ये तोपर्यंत चालू राहू दे. स्लो स्क्रूने १५०० ला आणलं. मग एअर स्क्रू पाव पाव फेरा फिरवून आरपीएम सगळ्यात वर कुठे जातो ते शोधलं, आणि यावेळी स्क्रू ऐकत होता, दोन्हीकडे फिरवलं की खाली येत होता. ते शिखर सापडलं की स्लो स्क्रूने परत १५०० वर, परत एकदा एअर स्क्रू बघायचा. शेवटी मी शिखरापासून किंचित जाड बाजूला ठेवतो, सकाळी बरं पडतं. शिखर पाऊण फेऱ्याच्या आतच आलं तर पायलट जेट एक नंबर मोठा हवा, अडीच तीन फेऱ्यांच्या पुढे गेलं तर लहान. इथे सव्वा फेऱ्याच्या आसपास आलं, म्हणजे जेट बरोबर.

रेस मारून सोडली, तडक खाली १५०० ला, मध्ये लटकणं नाही. पाण्याचा फवारा परत मारून बघितला, आवाजात काडीचा फरक नाही. रिव्हर्स टाकला, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चोक ओढून चालू केली, थोड्या वेळाने चोक सोडला, चालू राहिली.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण एक शेपूट उरलं. चोक सोडल्यावर १५०० ला असताना पण थंडीत गाडी अगदी किंचित सरकायला बघायची, चाकं घोडीवर असली की आपली हळू फिरत राहायची, गरम झाल्यावर नाही. आरपीएम तर बरोबर होता, मग हे काय? ऑइल काढलं तर मधासारखं. विचारलं तर कळलं की ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल घातलंय. या इंजिनात क्लच ऑइलमध्येच बुडलेला असतो, ऑइल थंडीत जाड असलं की क्लच सुटा असून पण चिकटल्यासारखा ओढतो. शिवाय ट्रॅक्टरचं ऑइल असल्या गाडीच्या ओल्या क्लचसाठी नसतंच. मोटरसायकलचं १०डब्ल्यू३० भरलं, ते ओढणं पण थांबलं. म्हणजे गाडी सरकण्याची कारणं दोन होती, एक गरम असतानाचं आणि एक थंड असतानाचं, आणि पहिलं एवढं मोठं होतं की दुसरं त्याच्या मागे लपलं होतं.

मोटरसायकलवाल्यांसाठी थोडं. कार्ब्युरेटरच्या जुन्या १५० सीसीच्या गाड्यांवर सिग्नलला रेस लटकते, तिथे हीच गळती बहुतेक वेळा रबरी मॅनिफोल्डला गेलेल्या भेगेतून असते, बाहेरून ठीक दिसतं, हाताने वाकवलं की भेग उघडते. मॅनिफोल्डवर व्हॅक्युम नळीची तोटी असेल तर तिची टोपी आहे का बघा, सर्व्हिसिंगमध्ये हरवते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ गाड्या मात्र बहुतेक सगळ्या इंजेक्शनच्या, तिथे स्लो कॉम्प्युटर सांभाळतो, थ्रॉटल बॉडीवरचा सील केलेला स्क्रू फिरवून फक्त सेन्सरचा गोंधळ होतो. तिथे थ्रॉटल बॉडी साफ करणं आणि हीच हवेची गळती बघणं, एवढं हाताने करण्यासारखं, पुढचं स्कॅनरवर.

गाडी न्यायला आबा आले तेव्हा त्यांना तीन गोष्टी सांगितल्या, सकाळी चोक, पावसाळ्याआधी पेट्रोलचा नळ बंद करून चेंबरचा ड्रेन स्क्रू सोडून रिकामा करायचा, आणि कार्ब्युरेटरच्या नटाला मी सोडून कोणी हात लावायचा नाही. तिसऱ्यावर ते म्हणाले, "आन् पहिला कार्ब्युरेटर पोत्यात पडलाय त्याचं काय करू, भंगारात देऊ का?" म्हटलं घेऊन या. आणला, पट्टी लावली, त्याचा पण फ्लँज तसाच वाकलेला, बाकी आतून नव्या कार्ब्युरेटरपेक्षा चांगलं पितळ. तो घासून, नवी ओरिंग टाकून त्यांच्याच दुसऱ्या एटीव्हीवर चढवलाय, तिचा फ्लोट गळत होता.